बियाणे गोळा करणारा माणूस : निकोलाय वाव्हिलोव्ह

कार्व्हरचे चरित्र आपल्यापैकी पुष्कळांनी वाचलेले असते. भुईमुगाच्या दाण्यातून शेकडो वस्तू काढणारा तो निग्रो शास्त्रज्ञ मराठी घरांत इतका परिचयाचा झाला आहे, की एखादा दूरचा नातेवाईकच वाटावा. कार्व्हर ५ जानेवारी १९४३ रोजी वारला. त्यानंतर बरोबर तीन आठवड्यांनी, २६ जानेवारी १९४३ रोजी, रशियातील साराटोव्ह शहराच्या तुरुंगात आणखी एक वनस्पतिशास्त्रज्ञ वारला. जगातील पिकांचे सर्वांत मोठे बियाणेघर उभे करणारा हा माणूस तुरुंगात उपासमारीने खंगून मेला. त्याचे नाव निकोलाय इव्हानोविच वाव्हिलोव्ह. विज्ञान शाखेच्या मित्रमैत्रिणींना हे नाव नवे नसेल. आम्हां कला शाखेच्या विद्यार्थ्यांना ते भेटते भूगोलात, शेतीच्या उगमाच्या धड्यात, तेही दोन ओळींपुरते. त्या दोन ओळींमागे एवढे मोठे आयुष्य आहे हे कळल्यापासून मला राहवेना. म्हणून हा लेख.

वाव्हिलोव्ह यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८७ रोजी मॉस्कोत झाला. वडील इव्हान इलिच हे मूळचे खेड्यातले, शेतकरी कुटुंबातले. लहान वयात ते शहरात आले आणि कापडाच्या व्यापारात वर चढत चढत चांगले सधन झाले. निकोलाय चार वर्षांचा होता तेव्हा, १८९१-९२ मध्ये, रशियात मोठा दुष्काळ पडला. त्याची झळ व्यापाऱ्याच्या घराला लागली नसली तरी दुष्काळ हा शब्द रशियातल्या त्या पिढीच्या कानात बसलेला होता. मुलाने आपला व्यापार पुढे चालवावा अशी वडिलांची इच्छा; म्हणून त्याला वाणिज्य शाळेत घातले. मुलाने शाळा पुरी केली आणि नाव मात्र घातले शेतकी महाविद्यालयात. धाकटा भाऊ सर्गेई पदार्थविज्ञानाकडे वळला. व्यापाऱ्याचे दोन्ही मुलगे असे दुकानाबाहेर पडले.

पदवीच्या वेळी निकोलायने प्रबंधासाठी निवडलेला विषय गमतीचा आहे. शेतातील पिके खाणाऱ्या गोगलगाई! पण हा माणूस आयुष्यभर असाच राहिला. शेतकऱ्याला जे नडते ते त्याच्या अभ्यासाचा विषय. पुढे त्याने पिकांच्या रोगांचा विषय घेतला. एकाच शेतात एका जातीच्या गव्हावर तांबेरा पडतो आणि शेजारच्या जातीवर पडत नाही, असे का? हा प्रश्न घेऊन तो १९१३ मध्ये इंग्लंडला गेला. तेथे विल्यम बेट्सन नावाचे मोठे शास्त्रज्ञ आनुवंशिकतेचे नवे शास्त्र शिकवीत होते. मेंडेलने वाटाण्यावर केलेले प्रयोग पस्तीस वर्षे धूळ खात पडून पुन्हा उजेडात आले, त्याला तेव्हा जेमतेम तेरा वर्षे झाली होती. वाव्हिलोव्ह यांच्या मनाशी हिशेब जुळला. रोगाला तोंड देण्याचा गुण जर बापाकडून मुलाकडे जावा तसा बियाण्यातून पुढे जात असेल, तर तो गुण असलेली जात शोधून काढली पाहिजे, मग ती जगाच्या पाठीवर कुठेही असो. पुढची सगळी भटकंती या एका विचारातून निघाली आहे.

पहिली मोठी संधी मिळाली ती १९१६ मध्ये, महायुद्ध चालू असताना. इराणच्या उत्तर भागात असलेल्या रशियन शिपायांना भाकर खाल्ली की चक्कर येई, ते झिंगल्यासारखे होत. कारण शोधायला सरकारने वाव्हिलोव्ह यांना पाठविले. गव्हाच्या शेतात वाढणाऱ्या एका विषारी तणाचे बी पिठात दळले जात होते, हे त्यांनी थोड्याच दिवसांत सांगितले. काम संपले. पण ते परतले नाहीत. घोडा घेऊन इराणचा उत्तर भाग आणि पुढे पामीरचे पठार पालथे घालू लागले.

या डोंगरी प्रवासांत त्यांच्या डोळ्यांनी टिपलेली एक गोष्ट मला फार आवडते. राय हे धान्य रशियाचे मुख्य अन्न, तिथली काळी भाकरी त्याची. पण इराण-अफगाणिस्तानकडे राय कुणी पेरीत नाही. ती गव्हात आपोआप उगवणारे तण आहे, आणि तिथल्या शेतकऱ्यांच्या बोलीत तिचे नावच मुळी गव्हाला छळणारी अशा अर्थाचे आहे. वाव्हिलोव्ह डोंगर चढत गेले. खालच्या शेतात गहू भरपूर, राय तुरळक. वर वर जावे तशी थंडी वाढते, गहू कमी होतो आणि राय वाढत जाते. आणखी वर गेले की शेतकऱ्याने हार मानलेली असते आणि तो त्या तणालाच पीक म्हणून कापू लागलेला असतो. म्हणजे जे तण उपटून बांधावर फेकायचे, तेच थंडी सोसते म्हणून पुढे उत्तरेकडच्या देशांची भाकरी झाले! आमच्याकडे खुरपायला बसलेल्या बायका तणाला ज्या शिव्या देतात त्या ऐकल्या असत्या, तर वाव्हिलोव्ह वही काढून त्याही लिहून घेते असे मला वाटते. कारण शेतकऱ्यांनी पिकांना दिलेली नावे ते जागोजागी टिपून ठेवीत. इतकी भाषाज्ञानाची हौस असलेला माणूस आम्हां कला शाखेच्या लोकांना परका कसा वाटावा?

१९१७ मध्ये ते व्होल्गा नदीकाठच्या साराटोव्हला प्राध्यापक झाले. तो क्रांतीचा आणि यादवीचा काळ. विद्यार्थ्यांना घेऊन ते शेतांतून हिंडत आणि नमुने जमवीत. जून १९२० मध्ये साराटोव्हलाच वनस्पतिप्रजनन करणाऱ्यांची परिषद भरली आणि तीत त्यांनी आपला पहिला मोठा सिद्धांत मांडला. जवळच्या नात्यातील पिकांमध्ये सारखेच फरक समांतर आढळतात, असा त्याचा मथितार्थ. गव्हात कुसळाचे आणि बिनकुसळाचे असे दोन्ही प्रकार असतील तर ते सातूत आणि रायमध्येही असलेच पाहिजेत. एखादा प्रकार आज सापडत नसेल तर त्याची जागा रिकामी ठेवायची आणि शोधत राहायचे. मेंडेलेयेव्हने मूलद्रव्यांच्या कोष्टकात रिकाम्या जागा सोडल्या होत्या, तसेच हे. श्रोत्यांनाही हीच तुलना सुचली आणि त्यांनी या बत्तीस वर्षांच्या प्राध्यापकाला जीवशास्त्राचा मेंडेलेयेव्ह ठरविले.

पुढच्याच वर्षी त्यांच्याकडे पेट्रोग्राडच्या, म्हणजे पुढच्या लेनिनग्राडच्या, उपयोजित वनस्पतिशास्त्र कार्यालयाची सूत्रे आली. याच वेळी व्होल्गाकाठी पुन्हा दुष्काळ पडला. १९२१-२२ च्या त्या दुष्काळात सुमारे ५० लाख माणसे मेली असे मानतात. अवर्षणात तगणारे, थंडीत टिकणारे, लवकर पिकणारे बियाणे ही आता नुसती प्रयोगशाळेची हौस उरली नव्हती.

येथून पुढे वीस वर्षे या माणसाने स्वतःला झोपू दिले नाही. रात्री चार-पाच तास झोप पुरे होई, असे त्यांच्याबरोबर काम केलेले सारे लोक सांगत. १९२४ मध्ये अफगाणिस्तान : दोन सहकारी आणि घोडे घेऊन पाच महिन्यांत सुमारे ५,००० किलोमीटर, हिंदुकुशाच्या खिंडी ओलांडून, जिथे परका माणूस सहसा जात नसे त्या नूरिस्तानातून. १९२६ आणि १९२७ मध्ये भूमध्य समुद्राभोवतीचे देश, मग अबिसिनिया, म्हणजे आजचा इथिओपिया. तेथे रास तफारी या राजपुरुषाने, जो पुढे सम्राट हैले सेलासी झाला, त्यांची भेट घेतली. १९२९ मध्ये पश्चिम चीन, जपान, कोरिया. १९३० मध्ये मेक्सिको आणि मध्य अमेरिका. १९३२-३३ मध्ये दक्षिण अमेरिका. प्रत्येक ठिकाणी त्यांची रीत एकच : गावच्या बाजारात जायचे, धान्याच्या पोत्यात हात घालायचा, मूठभर बी विकत घ्यायचे, ते कुठे आणि किती उंचीवर पिकते ते विचारायचे, आणि पाकिटावर लिहून लेनिनग्राडला धाडायचे. अल्मा-आताजवळच्या डोंगरात त्यांनी १९२९ मध्ये रानटी सफरचंदांची जंगले पाहिली आणि सफरचंदाचे माहेर हेच असा कयास बांधला. अलीकडच्या आनुवंशिक तपासण्यांनी तो खरा ठरविला आहे.

या भटकंतीतूनच पिकांच्या जन्मस्थानांचा सिद्धांत तयार झाला. १९२६ मध्ये तो पुस्तकरूपाने आला. सिद्धांत समजायला सोपा आहे. आमच्याकडे म्हातारी माणसे म्हणतात, की ज्या गावात एका आडनावाची सगळ्यांत जास्त घरे आणि जास्त शाखा, ती भावकी मूळची तिथली. बाहेरगावी एखाददुसरे घर गेलेले असते. वाव्हिलोव्ह यांनी पिकांच्या भावकीला हाच न्याय लावला. ज्या प्रदेशात एखाद्या पिकाचे सर्वांत जास्त प्रकार सापडतात तो त्याचा मूळ गाव. अशी केंद्रे त्यांनी जगाच्या नकाशावर दाखविली : चीन, भारत, मध्य आशिया, पश्चिम आशिया, भूमध्य प्रदेश, अबिसिनिया, मेक्सिको-मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वत. सारी केंद्रे बहुतेक डोंगराळ भागात, आणि ती पृथ्वीच्या फार थोड्या जागेत.

हा नकाशा समोर ठेवून मी एके दिवशी आमच्या घरच्या जेवणाचा हिशेब मांडला. वांगे आपले, भारतीय केंद्रातले. तूर आपली. मिरची आणि मका मेक्सिकोकडचे. टोमॅटो आणि बटाटा दक्षिण अमेरिकेचे, भुईमूगही तिकडचाच. हरभरा आणि मसूर पश्चिमेकडून आलेले. ज्या ज्वारीच्या भाकरीला आपण अगदी आपली म्हणतो ती आफ्रिकेची, आणि कारळ्याची चटणी, जी माझी आजी पाट्यावर वाटते, ते कारळे अबिसिनियाचे! एका ताटात चार खंड वाढलेले होते. आजीला हे सांगितले तर ती म्हणाली की कुठले का असेना, पेरले त्याचे. यावर वाव्हिलोव्ह यांना काही हरकत घ्यावी लागली असती असे वाटत नाही.

पुढच्या संशोधकांनी हा सिद्धांत काही ठिकाणी दुरुस्त केला, हेही सांगितले पाहिजे. प्रकार जास्त म्हणजे उगम तिथलाच, असे प्रत्येक वेळी नसते. सातूचे उदाहरण घ्या. अबिसिनियात त्याचे पुष्कळ प्रकार आहेत म्हणून वाव्हिलोव्ह यांनी त्याचे एक केंद्र तेथे मानले. पण सातूचा रानटी पूर्वज पश्चिम आशियातला. अमेरिकेतील जॅक हार्लन यांनी १९७१ मध्ये या केंद्रांच्या कल्पनेची बारकाईने उलटतपासणी केली. हार्लन यांच्या वडिलांची आणि वाव्हिलोव्ह यांची मैत्री होती, आणि तरुणपणी हार्लन यांना त्यांच्याच हाताखाली शिकायला रशियाला जायचे होते. ते राहून गेले. का राहून गेले ते पुढे येईलच.

वाव्हिलोव्ह भारतात कधी येऊ शकले नाहीत, याचे मला वाईट वाटते. त्यांचे सहकारी मार्कोविच मात्र त्या दशकाच्या अखेरीस येऊन येथील बियाणे घेऊन गेले. अशा रीतीने १९४० पर्यंत लेनिनग्राडच्या सेंट आयझॅक चौकातील इमारतीत सुमारे अडीच लाख नमुने जमा झाले. तेव्हा जगात असे दुसरे घर नव्हते. नमुने नुसते कपाटात ठेवलेले नव्हते. बी जुने झाले की उगवत नाही, त्यामुळे ठरावीक वर्षांनी ते पेरून नवे करावे लागते. देशभर शंभरावर ठिकाणी ते पेरले जाई, आणि कुठला वाण कुठल्या हवेत कसा वागतो याच्या नोंदी होत. १९२९ मध्ये स्थापन झालेल्या कृषिविज्ञान अकादमीचे ते पहिले अध्यक्ष झाले.

आता गोष्टीची दुसरी बाजू. १९२९ पासून स्टालिनने शेतकऱ्यांच्या जमिनी सामुदायिक शेतीत घालण्यास सुरुवात केली. जबरदस्ती, धान्याची सक्तीची वसुली आणि त्यातून १९३२-३३ चा भीषण दुष्काळ. या दुष्काळाला पावसापेक्षा सरकारच जास्त जबाबदार होते. पण सरकारला कारण दुसरीकडे हवे होते. नवा वाण तयार करायला दहा-बारा वर्षे लागतात असे शास्त्रज्ञ सांगत. वरून हुकूम आला, की तो चार-पाच वर्षांत झाला पाहिजे. अशा वेळी एक माणूस पुढे आला. त्याचे नाव त्रोफिम लायसेंको.

लायसेंको १८९८ मध्ये युक्रेनमधील गरीब शेतकऱ्याच्या घरी जन्मला. उशिरा लिहायला-वाचायला शिकला. गव्हाचे बी भिजवून थंडीत ठेवले, की हिवाळी गहू वसंतात पेरूनही कणसावर येतो, एवढी एक खरी गोष्ट त्याच्या हाती होती, आणि तीही इतरांना आधी माहीत होती. तिच्यावर त्याने मोठा मनोरा रचला. परिस्थितीने पिकात घडविलेला बदल पुढच्या पिढीत कायम होतो, जीन वगैरे सगळे परदेशी भांडवलदारांचे थोतांड आहे, असे तो सांगू लागला. वासराचे कान टोचले म्हणून त्या गाईचे पुढचे वासरू टोचलेल्या कानांनी जन्मत नाही हे खेड्यातले पोर सांगेल. परंतु लायसेंको लवकर पीक देण्याचे वचन देत होता आणि वचन स्टालिनला आवडत होते. सुरुवातीला वाव्हिलोव्ह यांनीही या तरुणाला प्रोत्साहन दिले, त्याच्या भिजवलेल्या बियाण्याच्या प्रयोगाचे कौतुक केले. त्यांच्या चरित्रातील ही बाब मला सर्वांत अवघड वाटते. कुणी म्हणेल त्यांना माणसाची पारख नव्हती. मला वाटते की शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या मुलाला दार उघडून द्यावे, एवढाच त्यात हेतू असावा. त्यांचे स्वतःचे वडील खेड्यातूनच आले नव्हते काय?

मी स्वतः अशा घरातून आले आहे, की महाविद्यालयाची पायरी चढणारी मीच पहिली. म्हणून लायसेंकोविषयी लिहिताना मला जरा जपून लिहावेसे वाटते. त्याची गरिबी, त्याचे उशिरा झालेले शिक्षण यांत लाज वाटावी असे काही नव्हते, आणि वर्तमानपत्रांनी अनवाणी प्राध्यापक म्हणून त्याचा गौरव केला तोही मी समजू शकते. पण जन्म कुठल्या घरात झाला यावरून बी उगवेल की नाही हे ठरत नाही. प्रयोगाचे आकडे मागितले की तो समोरच्याचा वर्ग काढी. व्यापाऱ्याचा मुलगा, इंग्लंडात शिकलेला, परदेशांत हिंडलेला वाव्हिलोव्ह हा शत्रूच असणार, हा त्याच्या लोकांचा युक्तिवाद. गरिबाच्या नावाने चाललेल्या या वादाची किंमत अखेर गरीब शेतकऱ्यानेच मोजली, याचा मला राग येतो.

१९३५ मध्ये वाव्हिलोव्ह यांना अकादमीच्या अध्यक्षपदावरून दूर केले; १९३८ मध्ये ते पद लायसेंकोकडे गेले. १९३७ मध्ये मॉस्कोत भरायची आंतरराष्ट्रीय आनुवंशिकी परिषद रद्द झाली. ती १९३९ मध्ये एडिंबरोला भरली, अध्यक्ष म्हणून वाव्हिलोव्ह यांची निवड झाली, आणि सरकारने त्यांना जाऊ दिले नाही. त्यांचे सहकारी एकामागून एक पकडले जात होते. परदेशी निघून जाण्याइतका त्यांचा लौकिक मोठा होता. ते गेले नाहीत, आणि आपले म्हणणेही त्यांनी मागे घेतले नाही. जीन आहेत, आणि नवे वाण निर्माण करण्याची वाट त्यांच्यातूनच जाते, हे ते जाहीर सभांतून सांगत राहिले.

६ ऑगस्ट १९४० रोजी ते पश्चिम युक्रेनमध्ये चेर्निव्हत्सी गावाजवळ डोंगरात नमुने गोळा करीत होते. एक काळी मोटार आली, मॉस्कोत तातडीचे काम आहे असे सांगून चार माणसे त्यांना घेऊन गेली. मागे राहिलेली त्यांची पिशवी सहकाऱ्यांनी उघडली तेव्हा तीत त्या दिवशी मिळालेल्या एका जुन्या, जवळजवळ नामशेष झालेल्या गव्हाच्या ओंब्या होत्या.

त्यानंतर अकरा महिने चौकशी चालली. शेकडो वेळा, बहुतेक रात्री, तासन्‌तास उभे करून. ब्रिटनचा हेर, कटात सामील, शेतीचा मुद्दाम नाश करणारा असे आरोप. ९ जुलै १९४१ रोजी काही मिनिटांच्या खटल्यात मृत्युदंड झाला. जर्मन सैन्य मॉस्कोजवळ आल्यावर कैद्यांना पूर्वेकडे हलविले आणि वाव्हिलोव्ह पुन्हा साराटोव्हला आले, जिथे ते एकेकाळी प्राध्यापक होते. तळघरातील अरुंद कोठडी, खिडकी नाही, रात्रंदिवस जळणारा दिवा. सोबतीला एक तत्त्वज्ञ आणि एक इंजिनियर. कोठडीत ते आळीपाळीने व्याख्याने देत. वाव्हिलोव्ह आनुवंशिकतेवर आणि पिकांच्या इतिहासावर बोलत. अटकेनंतर मॉस्कोच्या तुरुंगात त्यांनी जगाच्या शेतीच्या इतिहासावर एक ग्रंथही लिहिला होता. तो पुन्हा कुणाला दिसला नाही. १९४२ मध्ये मृत्युदंडाऐवजी वीस वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले परदेशी सभासद निवडले. कोठडीत त्यांना ते कळण्याचा मार्ग नव्हता.

इकडे लेनिनग्राडला जर्मनांचा वेढा पडला होता. सप्टेंबर १९४१ ते २७ जानेवारी १९४४, एकूण ८७२ दिवस. राजवाड्यातील चित्रे आणि मूर्ती हलविण्याची व्यवस्था वेळीच झाली होती. बियाण्यांसाठी तसा हुकूम कुणी काढला नव्हता. पहिल्या हिवाळ्यात कारकून, मुले, म्हातारे यांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळे, आणि त्यातही भेसळ. अशा शहरात वाव्हिलोव्ह यांच्या सहकाऱ्यांजवळ तांदूळ, गहू, मका, शेंगदाणे, डाळी यांचे हजारो किलो धान्य होते. ते पहारा देत बसले. खिडक्या फुटलेल्या, आत बर्फासारखी थंडी, उंदरांपासून बी वाचवायला पत्र्याच्या पेट्या. बटाट्याचे नमुने तर गोठू नयेत म्हणून मिळेल ते जाळून खोली ऊबदार ठेवावी लागे. भुईमुगाचे अभ्यासक अलेक्झांडर शुकिन आपल्या टेबलापाशी बसल्या जागी मेले. तांदळाचे अभ्यासक दिमित्री इव्हानोव्ह उपासमारीने गेले, आणि त्यांच्याभोवती तांदळाची हजारो पाकिटे तशीच होती. ओटच्या विभागातल्या रोदिना याही गेल्या. आणखीही बरेच गेले. ज्याने त्यांना हे काम शिकविले तो माणूस जिवंत आहे की नाही, हेही त्यांना ठाऊक नव्हते.

हे वाचले तेव्हा मला प्रथम विश्वास बसेना, म्हणून सुट्टीत आजीला विचारले. १९७२ च्या दुष्काळात ती नवी नवरी होती. घरची माणसे खडी फोडायला जात, सुकडी आणि मिलोवर पोट भरीत. तिच्या सासूने मालदांडीचे बियाणे राखेत कालवून गाडग्यात भरले होते आणि तोंड शेणाने लिंपून ते गाडगे उतरंडीत खालच्या बाजूला ठेवले होते. घरातली पोरे रात्री भुकेने रडत. गाडगे फुटले नाही. पुढच्या वर्षी पाऊस झाला तेव्हा तेच बी चाड्यावर धरले. मी आजीला लेनिनग्राडची हकिकत सांगितली. तिला त्यात अचंबा वाटण्यासारखे काही दिसले नाही. ती एवढेच विचारत राहिली, की त्या माणसांच्या घरी पोरेबाळे होती का. होती, हे मी तिला सांगितले. मग ती बराच वेळ गप्प होती. माझ्या मते या गोष्टीतला खरा अवघड प्रश्न तोच आहे, आणि त्याचे उत्तर माझ्याजवळ नाही. स्वतःचा घास सोडणे वेगळे आणि लेकराचा सोडणे वेगळे. आजीच्या सासूला पुढच्या पावसात पेरायचे शेत दिसत होते. इव्हानोव्ह यांना कुणाचे शेत दिसत होते?

वाव्हिलोव्ह यांची पत्नी येलेना बारुलिना यांच्याविषयी लिहिल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. त्या साराटोव्हच्याच, त्यांची विद्यार्थिनी आणि स्वतः मोठ्या अभ्यासक. त्यांचा विषय मसूर. जगभरच्या मसुरांवरचा त्यांचा ग्रंथ १९३० मध्ये प्रसिद्ध झाला आणि अजूनही अभ्यासक त्याचा आधार घेतात. युद्धकाळात त्या धाकट्या मुलाला, युरीला, घेऊन माहेरच्या गावी येऊन राहिल्या. पती मॉस्कोच्या तुरुंगात आहेत असे समजून त्या आपल्या घासातून उरविलेले जिन्नस मॉस्कोला पाठवीत. ते त्याच शहरात, काही अंतरावरच्या तुरुंगात भुकेने मरत होते. दोघांनाही शेवटपर्यंत हे कळले नाही. तेथेच २६ जानेवारी १९४३ रोजी वाव्हिलोव्ह गेले. साराटोव्हच्या दफनभूमीत त्यांना सामुदायिक खड्ड्यात पुरले. नेमकी जागा माहीत नाही.

पुढची हकिकत थोडक्यात. १९४५ मध्ये धाकटे भाऊ सर्गेई सोव्हिएत विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले. ज्या राजवटीने भावाला मारले तिच्याच सर्वोच्च विज्ञानसंस्थेची खुर्ची त्यांनी घेतली; भीतीने घेतली की उरलेल्या शास्त्रज्ञांना वाचवायला, यावर मतभेद आहेत. १९४८ मध्ये लायसेंकोने आनुवंशिकीवर बंदीच आणवली आणि १९६४ पर्यंत त्याचा शब्द चालला. १९७६ मध्ये तो मॉस्कोत नैसर्गिक मृत्यूने वारला. वाव्हिलोव्ह यांच्यावरील शिक्षा सरकारने १९५५ मध्ये रद्द केली. लेनिनग्राडच्या संस्थेला पुढे त्यांचे नाव दिले. ती आजही त्याच चौकात आहे आणि तिच्यात तीन लाखांहून अधिक नमुने आहेत. आपल्याकडे दिल्लीत १९७६ मध्ये राष्ट्रीय वनस्पती जनुकसंपदा संस्था स्थापन झाली, आणि नगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांच्या घरच्या गावरान बियाण्यांच्या संग्रहाची दखल घेऊन २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

शिक्षा रद्द झाल्यावर येलेना बारुलिना आजारी असतानाच पतीच्या उरलेल्या हस्तलिखितांची जुळवाजुळव करू लागल्या. १९५७ मध्ये त्या गेल्या. युरी मोठा होऊन पदार्थविज्ञानाचा संशोधक झाला, आणि त्याने पुढची कितीतरी वर्षे सरकारी दप्तरांतून वडिलांविषयीचे कागद शोधून काढण्यात घालविली. चौकशीचे कागद सापडले, मृत्यूचा दाखला सापडला. जगाच्या शेतीच्या इतिहासाचे ते हस्तलिखित मात्र सापडले नाही.